दीडशे डॉलरचे मँडोलिन

अमेरिकी संगीतकार बिल मनरो यांनी १९४० च्या दशकात फ्लोरिडातील एका केशकर्तनालयात विक्रीस ठेवलेले गिब्सन कंपनीचे जुने मँडोलिन दीडशे डॉलरना विकत घेतले आणि तेच त्यांचे आयुष्यभराचे वाद्य ठरले. मनरो ब्लूग्रास या अमेरिकेच्या ग्रामीण भागातील तंतुवाद्यप्रधान संगीताचे जनक मानले जातात. परंतु एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५४ मधील पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला त्यांचेच गाणे होते आणि पुढे, १९९७ मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनेही त्यांना रॉकच्या पूर्वसुरींत स्थान दिले.

या ‘एफ-५’ नमुन्याच्या मँडोलिनच्या आतील चिठ्ठीवर गिब्सनचे वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांची स्वाक्षरी आणि ९ जुलै १९२३ ही तारीख आहे. वाद्याचे मोल बहुतेकदा या स्वाक्षरीवरून केले जाते. माझ्या मते खरी किमया वरच्या फळीत आहे.

मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतील एक तार सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४१ वेळा कंप पावत असेल, तर आवाज दर सेकंदाला एकदा वाढून ओसरतो. याला विस्पंद म्हणतात आणि मँडोलिनच्या आवाजातील झळाळी काही अंशी त्यातूनच येते. तार मात्र इतकी बारीक असते की ती एकटी हवेला फारशी हलवू शकत नाही. ती घोडीमार्फत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यामार्फत, स्प्रूस लाकडाची फळी हलवते आणि आपल्या कानांवर पडतो तो मुख्यतः त्या फळीचा व पोकळीतील हवेचा आवाज. नाद लवकर विरतो, म्हणून वादक पिकने तार झरझर छेडत स्वर लांबवतात; लक्ष्मीकांत कुडाळकरांसारख्या मँडोलिनवादकांमुळे हिंदी चित्रपटगीते ऐकणाऱ्यांना तो थरथरता स्वर ओळखीचा आहे.

स्प्रूस वजनाला हलके, तरी रेषांच्या दिशेने विलक्षण ताठ असते. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे जाडी दहा टक्क्यांनी कमी झाली, तर ताठरपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. अवघ्या काही मिलिमीटरच्या फळीवरून रंध्याने आणखी एक पापुद्रा काढायचा की तिथेच थांबायचे, यावर सारा आवाज अवलंबून असतो. व्हायोलिनसारख्या ‘एफ’ आकाराच्या छिद्रांमुळे घोडीखालचा भाग अखंड राहतो. मँडोलिनमध्ये ही रचना गिब्सनने या नमुन्यात आणली.

वय वाढले की लाकडातील हेमिसेल्युलोज हा घटक हळूहळू विघटित होतो आणि लाकूड हवेतील ओलावा कमी शोषते. तेवढ्यावरून जुने ते उत्तमच असे ठरत नाही: इंडियानापोलिस येथे २०१० मध्ये एकवीस व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून नवी आणि स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी वाद्ये वाजवायला दिली, तेव्हा बहुतेकांनी नव्या व्हायोलिनला पसंती दिली.

१९८५ मध्ये कोणीतरी मनरो यांच्या घरात शिरून शेकोटीच्या लोखंडी सळईने या मँडोलिनच्या चिरफळ्या केल्या. गिब्सनचे कारागीर चार्ली डेरिंग्टन यांनी त्या एकेक करून जुळवल्या. लाकूड रेषांच्या दिशेने फाटते तेव्हा दोन्ही कडा पुन्हा एकमेकींत नेमक्या बसू शकतात आणि सरसाचा पातळ, नीट दाबलेला सांधा लाकडाइतकाच मजबूत होतो. वस्तुमान व ताठरपणा जवळजवळ पूर्ववत झाला, तर फळीचे कंपनही पूर्ववत होते. काही महिन्यांतच वाद्य परत आले आणि मनरो ते पुन्हा वाजवू लागले.