कोकण किनाऱ्यावरील हंगामी आणि दुर्मीळ पक्षी

कोकण किनाऱ्यावर वर्षातील ठरावीक काळातच दिसणारे, अगदी थोड्या संख्येने येणारे, किंवा वादळवाऱ्यात सापडून चुकूनमाकून येऊन पडणारे पक्षी या नोंदीत घेतले आहेत. महाराष्ट्राच्या हद्दीतला हा किनारा डहाणूपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत, रूढ मोजणीनुसार सुमारे ७२० किमी आहे. पुळण (वाळूचा किनारा), खडप (खडकाळ किनारा), खाडीचा चिखल, खाजण (भरतीचे पाणी शिरणारी खारी जमीन), मिठागर, कांदळवन आणि वर कातळाचा सडा (उघडे पठार) एवढे सारे येथे थोड्या अंतरात सापडते. दुर्मीळ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. काही पक्षी येथे खरोखरच क्वचित येतात. पण काही दरवर्षी येत असूनही केवळ त्या वेळी समुद्रावर माणूस नसल्यामुळे दुर्मीळ ठरतात, आणि कोकणात हे दुसरे कारण फार मोठे आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे खोल समुद्रातले पक्षी. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे अरबी समुद्रावरून थेट किनाऱ्याकडे वाहतात. त्याच महिन्यांत सोमालिया आणि ओमानच्या बाजूला तळाचे थंड, अन्नद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि समुद्रपक्ष्यांना भरपूर खाद्य मिळते. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीहून थोडा मोठा पक्षी अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करतो आणि तिकडचा हिवाळा टाळून अरबी समुद्रात येतो. शिअरवॉटर, सूटी टर्न, नॉडी, मास्क्ड बूबी आणि फ्रिगेटबर्ड यांचाही वावर याच पाण्यावर असतो. सूटी टर्न आणि नॉडी लक्षद्वीपच्या पक्षीपिट्टी बेटावर वीण करतात. हे पक्षी किनाऱ्याकडे सहसा फिरकत नाहीत. वाऱ्याचा जोर वाढला, पोटात अन्न नसले की थकून पुळणीवर येतात. कधी गावात, कधी नारळाच्या वाडीतही पडलेले सापडतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगतच्या समुद्रातून वर सरकलेले तौक्ते ही अलीकडची मोठी वादळे. पण अशा पक्ष्यांसाठी चक्रीवादळच लागते असे नाही. पावसाळ्यातला सलग आठवडाभराचा दर्यावरचा वाराही पुरतो.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत फारसे कोणी बाहेर जात नाही. त्यामुळे खोल समुद्रातल्या पक्ष्यांची येथली माहिती बरीचशी किनाऱ्यावर पडलेल्या, अर्धमेल्या जिवांवरून जमली आहे. त्यावरून त्यांच्या खऱ्या संख्येचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

पडलेला मास्क्ड बूबी जवळून पाहिला तर ओळखायला कठीण नाही. अंग पांढरे, पंखांची मागची कडा आणि शेपूट काळी, चोच लांब व पिवळसर, आणि चोचीच्या मुळाशी डोळ्यांपर्यंत काळ्या कातडीचा मुखवटा. वरून सूर मारून मासे पकडणाऱ्या या पक्ष्याच्या चोचीवर उघड्या नाकपुड्या नसतात. तो चोचीच्या कडेने श्वास घेतो. म्हणून त्याची चोच कधीही घट्ट बांधू नये. असा पक्षी ‘पाण्यातला आहे’ म्हणून परत लाटांत सोडणे हे सदिच्छेने केलेले पण त्याच्या जिवावर बेतणारे काम आहे. तो उडण्याइतका सशक्त असता तर किनाऱ्यावर आलाच नसता. हवेशीर खोक्यात, अंधारात, कुत्र्यांपासून दूर ठेवावा, तोंडात पाणी ओतू नये आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

हिवाळी पाहुण्यांचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. चिखल्या, तुतारी, कोरल, कुरव (गल), सुरय (टर्न) ही मंडळी मध्य आशिया, सायबेरिया अशा लांबच्या मुलखांतून येतात. त्यांना पाहायचे तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीकडे लक्ष हवे. ओहोटीला ती चिखलावर दूरवर पांगतात. भरतीचे पाणी चढू लागले की मागे सरकत सरकत उरलेल्या एखाद्या पट्ट्यावर दाटीवाटीने उभी राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा पट्टा फार अरुंद होतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला, तो रुंद राहतो. अलिबागजवळची आक्षी, रत्नागिरीचे भाट्ये, मालवण परिसरातील खाड्यांची मुखे येथे कुरव-सुरयांचे थवे रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) आसपासही जमतात. अशा शेकडोंच्या थव्यात एखादा कालवफोड्या, लाल चोचीचा काळापांढरा, शिंपले उघडताना दिसला तर तो दिवस सार्थकी लागतो.

त्याहून क्वचित दिसणारा म्हणजे क्रॅब प्लोव्हर. इराणचे आखात, ओमान आणि तांबड्या समुद्राच्या बाजूला वाळूत बिळे खणून तो वीण करतो. भारतात कच्छच्या आखातात त्याची संख्या बरी असते, कोकणात मात्र तुरळक. त्याची पिल्ले हिवाळी मुक्कामातही आईबापांच्या मागे लागून खेकडे मागतात. किनारी पाणपक्ष्यांत ही सवय अगदी निराळी आहे, आणि कोकणात एवढ्या जवळून ती पाहायला मिळणे हे भाग्यच.

नोव्हेंबरच्या सुमारास सड्यांवर अमूर ससाणे येतात. आग्नेय सायबेरिया आणि उत्तर चीनमध्ये वीण करून, नागालँडमार्गे, ते दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले असतात. उपग्रह टॅग लावलेल्या पक्ष्यांवरून हे सिद्ध झाले आहे की ते पश्चिम किनारा ओलांडून न थांबता अरबी समुद्र पार करतात. जेमतेम कबुतराएवढा हा ससाणा समुद्रावर काय खातो? त्याच दिशेने त्याच वेळी स्थलांतर करणारे चतुर कीटक त्याच्या उपयोगी पडत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. कोकणात तो दिसतो तो एखाद-दुसरा दिवसच.

पावसाळ्यात जंगलाकडचे पाहुणे येतात. नवरंग मेअखेरीपासून पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालू लागतो. तिबोटी खंड्या, जेमतेम १३ सेंमी लांबीचा, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून पिल्लांना पाली, छोटे बेडूक, खेकडे भरवतो. कर्नाळ्यापासून चिपळूणपर्यंत त्याच्या घरट्यांसमोर आता कॅमेऱ्यांची गर्दी होते. पिल्लांना भरवायचे थांबवून जोडपे लांब फांदीवर बसून राहिले तर छायाचित्रणाची ती जागा चुकीची आहे, हे ओळखून मागे हटायला हवे. घरट्याचा ठावठिकाणा जाहीर न करणे हेही त्यातच आले.

वेंगुर्ल्यासमोरचा खडकाळ द्वीपसमूह हे वेगळेच ठिकाण. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेत पिसे मिसळून घरटी चिकटवतात आणि खडकांवर लगामी सुरय वीण करतात. पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास त्यांच्यावर लेखन केले. पुढे पाकोळीच्या घरट्यांची चोरी होऊ लागली, तेव्हा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने राखणीचे काम हाती घेतले. किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडे ठाण्याच्या खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) सर्वपरिचित आहेत. तिथले अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. उरणच्या पाणथळींचे नशीब तसे नाही; तिथल्या बऱ्याच जागा भरावाखाली गेल्या, आणि भरतीच्या वेळी टेकायला जागा न उरणे ही पाणपक्ष्यांची सर्वांत मोठी अडचण झाली आहे.

दुर्मीळ पक्ष्याची नोंद ग्राह्य धरायची तर छायाचित्र, तारीख, वेळ, जागा, भरतीची स्थिती आणि वाऱ्याची दिशा एवढे तरी हवे. वयाने लहान कुरव तपकिरी, ठिपकेदार असतात आणि त्यांच्यावरून अनुभवी निरीक्षकांतही मतभेद होतात. अशा वेळी ‘जात निश्चित नाही’ असे लिहिणे अधिक उपयोगाचे. मेलेला पक्षीही नोंदीत घ्यावा. त्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असेल तर तिच्यावरील अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरवून, फोटोसह, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावेत.