रोज एकदा की आठवड्यातून तीनदा? बद्धकोष्ठतेच्या व्याख्येची पार्श्वभूमी

एरंडेलाच्या रेचक उपयोगाचा उल्लेख इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्शियन पपायरसात सापडतो. मलाचा वेग अडवून धरू नये, असे आयुर्वेदाने निक्षून सांगितले आहे. हे दोन्ही सल्ले आजही खोटे ठरलेले नाहीत. बद्धकोष्ठतेच्या समजुतीत खरा गोंधळ सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर.

आतड्यात मळ तुंबला की तो सडतो, त्यातली विषे रक्तात उतरतात आणि डोकेदुखी, मरगळ, चिडचिड सुरू होते, अशी तेव्हा वैद्यकात मान्यता होती. ती इतकी पक्की होती की लंडनमध्ये निव्वळ बद्धकोष्ठतेसाठी मोठे आतडे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया होत. १९१३ मध्ये त्यावर तिथल्या डॉक्टरांची जाहीर चर्चाही झाली. १९२० च्या आसपास एक साधा प्रयोग झाला. निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस भरला, तर तीच डोकेदुखी आणि तीच मरगळ आली. कापूस काढताच ती थोड्याच वेळात गेली. विष रक्तात भिनले असते तर त्रास इतक्या चटकन ओसरला नसता. त्रास होता गुदाशय ताणला जाण्याचा. सिद्धान्त बाद झाला, पण ‘रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे’ हा त्याचा उपनियम मागे उरला आणि रेचकांच्या जाहिरातींनी तो जिवंत ठेवला.

त्याला आकड्यांनी उत्तर मिळाले १९६५ मध्ये. ब्रिटनमध्ये हजारावर कामगार आणि काही शे रुग्ण यांना शौचाच्या सवयी विचारल्या, तेव्हा ९९ टक्के लोक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या पट्ट्यात बसले. रोज एकदा हा नियम मोडणाऱ्यांसाठी ही मोठी सुटका होती. पुढे मात्र या पट्ट्याची खालची कड उचलून तिलाच आजाराची सीमा केले गेले: आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा म्हणजे बद्धकोष्ठता. लोकांमध्ये काय आढळते हे सांगणारा आकडा निदानाचा आकडा बनला. या दोन गोष्टी एक नव्हेत. कोणताही त्रास नसलेला माणूस आठवड्यातून दोनदाच जात असेल, तर त्याच्यावर उपचार कशासाठी? आणि रोज जाणारा, पण प्रत्येक वेळी अर्धा तास कुंथून खड्यांसारखा मळ काढणारा माणूस या व्याख्येत मावतच नाही.

सामान्य लोक बद्धकोष्ठता कशाला म्हणतात, हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या तरुणांना विचारले गेले. बद्धकोष्ठता म्हणजे कुंथावे लागणे, असे निम्म्याहून किंचित अधिक जणांनी सांगितले. कमी वेळा शौचाला होणे, असे म्हणणारे साधारण एक तृतीयांश होते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निकषांनी पुढे हे मान्य केले. २०१६ च्या आवृत्तीत सहा लक्षणे आहेत: कुंथावे लागणे, मळ घट्ट वा खड्यांसारखा असणे, पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना, गुदद्वाराशी अडल्यासारखे वाटणे, बोटाने मदत घ्यावी लागणे, आणि रेचकाशिवाय आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचाला होणे. पहिली पाच लक्षणे चारांतून एकापेक्षा जास्त वेळा जाणवायला हवीत. सहांपैकी किमान दोन असावीत, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची आणि त्रास गेल्या तीन महिन्यांतला असावा. पाच लक्षणे त्रासाची आणि एक मोजणीचे. हे प्रमाण योग्यच आहे. तरीही नव्या औषधांच्या चाचण्यांत यशाचे मुख्य माप बहुधा आठवड्यातल्या शौचांची संख्याच राहिली. मोजायला सोपे ते मोजले गेले.

व्याख्येचा हा वाद चालू असतानाच, १९७० नंतर, चोथ्याची लाट आली. आफ्रिकेतल्या ग्रामीण लोकांच्या मळाचे वजन ब्रिटिशांच्या तिपटीहून अधिक भरते, या निरीक्षणावरून बद्धकोष्ठता म्हणजे तंतुमय पदार्थांची कमतरता, असे समीकरण झाले. ते अर्धेच खरे आहे. १९९७ मध्ये १४९ रुग्णांना किमान सहा आठवडे रोज १५ ते ३० ग्रॅम इसबगोल दिले गेले. तपासणीत दोष न आढळलेल्यांपैकी ८५ टक्के सुधारले. ज्यांच्या आतड्याची गतीच मंद होती त्यांतल्या ८० टक्क्यांना उपयोग झाला नाही, आणि मळ बाहेर टाकण्यातच अडचण असलेल्या ६३ टक्क्यांनाही नाही. म्हणून चोथा पहिला उपाय आहे, पण सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर मात्रा वाढवत बसण्यात अर्थ नाही. मंद आतड्यात जास्त चोथा म्हणजे जास्त फुगारी. रोजचे लक्ष्य २५ ते ३० ग्रॅम तंतू, तेही आठवड्याला साधारण पाच ग्रॅमच्या टप्प्याने. इसबगोल प्रत्येक वेळी निदान २४० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यावे, नाहीतर ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. अंगात पाणी कमी पडलेले नसेल, तर नुसते जास्त पाणी प्यायल्याने मळ मऊ होत नाही.

रेचकांबद्दलची भीतीही जुनीच. सोनामुखी किंवा बिसाकोडिल या रेचक गोळीने आतडे कायमचे ‘आळशी’ होते, हा समज प्रामुख्याने जुन्या, तीव्र औषधांच्या दीर्घ वापरातल्या निरीक्षणांवर उभा राहिला. सोनामुखीने आतड्याचे अस्तर काळपट होते खरे, पण औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ते पूर्ववत होते. अमेरिकेत १९९९ मध्ये फेनॉल्फ्थॅलिन या जुन्या रेचकावर बंदी आली, त्याचे कारण प्राण्यांत दिसलेला कर्करोगाचा धोका हे होते. भीती मात्र सगळ्याच रेचकांना चिकटली. त्याच वर्षी तिथे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मळात पाणी धरून ठेवणाऱ्या रेचक भुकटीला मान्यता मिळाली आणि आज दीर्घ वापरासाठी भरवसा त्यावरच जास्त आहे: प्रौढांना दिवसातून १७ ग्रॅम, २४० मिलिलिटर पाण्यात. बिसाकोडिल ५ ते १० मिलिग्रॅम रात्री घेतले की सहा ते बारा तासांत काम करते. ते दूध किंवा आम्लनाशकाबरोबर घेतले तर गोळीचे आवरण पोटातच विरघळते आणि कळ येते.

सवयींतला सर्वांत दुर्लक्षित भाग वेळेचा. जेवणानंतर २० ते ३० मिनिटांत, विशेषतः सकाळी, मोठे आतडे आपोआप हलते. ती हाक टाळत राहिले की गुदाशयाची जाणीव बोथट होते. कमोडवर बसताना पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे पाट ठेवून, गुडघे कंबरेच्या वर आणून पुढे झुकले की गुदाशयाचा बाक सरळ होतो. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे.

हे सगळे करूनही कुंथणे सुटत नसेल, तर औषध बदलण्याआधी दार तपासायला हवे. काहींचे गुदद्वाराचे स्नायू जोर करताना सैल होण्याऐवजी आवळतात. हे १९८० च्या दशकात नीट ओळखले गेले. ५० मिलिलिटर पाण्याने भरलेला छोटा फुगा गुदाशयात ठेवून तो एक-दोन मिनिटांत बाहेर टाकता येतो का, हे पाहतात. न आल्यास स्नायूंचे बायोफीडबॅक प्रशिक्षण (स्नायू आवळतात की सैल होतात हे यंत्रावर पाहत केलेला सराव) रेचकापेक्षा सरस ठरते. लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामके, रक्तदाबाची काही औषधे आणि थायरॉईडची कमतरता ही कारणे मात्र त्याआधी तपासावीत. शौचात रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल, तर आधी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी.