अडलेल्या गाईचं वासरू आणि कॉफी

धुळे-नंदुरबारकडे ऐन हिवाळ्यात रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. अशा पहाटे गाय अडली, तर ओढून काढलेलं वासरू गोठ्यात मलूल पडून राहतं. धड श्वास घेत नाही, कासेला लागत नाही. मग कोणीतरी म्हणतं, कडक कॉफी पाजा.

या सल्ल्यामागे शास्त्र आहे. वेत लांबलं की वासराला ऑक्सिजन कमी पडतो, रक्तातलं आम्ल वाढतं आणि मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचतं. हे रसायन श्वसनकेंद्राला मंदावतं. कॅफिन त्याच्या जागा आधीच अडवून बसतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. पण स्वतः मेंदूला मंदावत नाही. म्हणून श्वासाला जोर येतो. अपुऱ्या दिवसांच्या माणसाच्या बाळांचा श्वास मधेच थांबतो, त्यावर १९७०च्या दशकापासून कॅफिन वापरतात. पण मोजून, वजनाप्रमाणे. नवजात बाळाचं यकृत कच्चं असतं. मोठ्या माणसात काही तासांत ओसरणारं कॅफिन त्याच्या अंगात काही दिवस रेंगाळतं.

गोठ्यातल्या कपात कॅफिन किती, हे कोण मोजणार? त्याहून मोठा धोका वेगळाच. ज्या वासराला गिळता येत नाही, त्याच्या तोंडात ओतलेली कॉफी फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. ही चूक जिवावर बेतते, म्हणून कॅफिन द्यायचं की नाही, हे ढोरांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तोवर नाकातोंडातला चिकटा पुसा, वासराला छातीवर बसतं करा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा, गोणपाटानं खसखसून चोळून कोरडं करा. मागचे पाय धरून उलटं टांगू नका. पोटातल्या अवयवांचा भार छातीवर येऊन श्वास आणखी कोंडतो.

आणि चीक! गाईच्या वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, वासरात जात नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद तासातासाला घटते आणि साधारण २४ तासांत संपते. तरी जार (म्हणजे हीच वार) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून टिकून आहे. जार पडायला कधीकधी बारा तास लागतात. एवढा वेळ वासराला उपाशी ठेवणं मला फार जिव्हारी लागतं. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीनेक लिटर चीक हवा, त्यातला पहिला दोन तासांच्या आत. खरवस उरल्या चिकाचा करावा.

स्वच्छ बोट तोंडात घालून बघा. वासरू चोखत असेल तर कासेला लावा किंवा बाटलीनं पाजा. चोखत नसेल तर बळजबरीनं ओतू नका. जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करा, डॉक्टर नळीनं चीक पोटात सोडतील.