सहल मुक्कामी गेली: थीम पार्क रिसॉर्टच्या खर्चामागची पार्श्वभूमी

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी आमच्याकडे, लातूर-परभणी-नांदेडच्या पट्ट्यात, घरोघरी एक वही निघते. पहिल्या ओळीत पार्कचं तिकीट गुणिले चार. वही भरते मात्र त्याखालच्या ओळींनी: डिझेल, टोल, दोन रात्रींची खोली, आतलं जेवण, लॉकर, पोहण्याचे भाड्याचे कपडे. ‘तिकीट लई महागलं’ असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण मराठवाड्यातल्या कुटुंबाच्या खिशाला मोठी चाट बसते ती मुक्कामाची. पुण्याचं किंवा ठाण्याचं कुटुंब सकाळी खोपोलीच्या थीम पार्कला जातं आणि रात्री घरी येऊन झोपतं. लातूरहून नुसतं पुणंच सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून पुढे घाट. लेकरांना घेऊन एका दिवसात जाऊन येणं होत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी जी हौस, ती आमच्यासाठी सक्ती.

आधीच्या पिढीचा हिशेब वेगळा होता. माळेगाव, येरमाळा, लातूरची सिद्धेश्वर यात्रा, कुठेही जा: रहाटपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. बसाल तेवढंच द्याल. रात्र काढायची तर पालात, नाहीतर पाहुण्याकडे. पुढे जायकवाडी उभं राहिलं, १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, आणि पैठणला म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान आलं. वेरूळ, दौलताबाद, मकबरा आणि दिवेलागणीला पैठणची रंगीत कारंजी, ही आमची शाळेची सहल. शैक्षणिक सहलीला एसटीची निम्म्या भाड्याची सवलत, डब्यात धपाटे आणि ठेचा. ज्या लेकराच्या घरी तेवढेही पैसे नसत त्याचे गुरुजी भरत, आणि वर्गात त्याची वाच्यताही होत नसे.

एकदा दारात पैसे भरायचे आणि आत सगळं मोकळं, ही पद्धत बाहेरून आली. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा तिथेही जत्रेसारखीच पाळण्यापाळण्याची तिकिटं होती. १९८२ मध्ये ती बंद होऊन दिवसभराचा एकच पास आला. आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा मराठवाड्यातल्या लेकरांनी ते बहुतेक टीव्हीवरच्या जाहिरातीतच पाहिलं. हैदराबाद त्या मानाने जवळचं. उदगीर, देगलूर, नांदेडकडच्या माणसाला तिकडे जायचं म्हणजे परक्या गावी जाणं वाटत नाही. १९९६ मध्ये रामोजी फिल्म सिटी झाली आणि नांदेड भागातल्या कित्येक शाळांच्या सहली पैठण सोडून तिकडे वळल्या. २०१६ मध्ये त्याच शहरात वंडरला नावाचं पार्कही आलं.

खरा बदल २०१३ नंतरचा. त्या वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं, पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्क जोडलं गेलं आणि २०१५ मध्ये शेजारी हॉटेल उभं राहिलं. पार्क दोन दिवसांचं झालं की खोली विकली जाते, आणि खोली विकली की रात्रीचं जेवण विकलं जातं. परदेशी बनावटीचे पाळणे, वीज, देखभाल, सुरक्षेची माणसं आणि कर्जाचं व्याज हा सगळा भार नुसत्या तिकिटावर निघत नाही, हे मालकांचं म्हणणं खोटं नाही. कर्जाखाली वाकलेल्या खोपोलीच्या या पार्कची मालकी अखेर २०२२ मध्ये बदलली. त्याआधी मार्च २०२० पासून महासाथीने दारं दीर्घकाळ बंद होती. पार्क उघडली तेव्हा घरात कोंडलेल्या लेकरांना घेऊन लोक तुटून पडले, आणि दर पुन्हा जुन्या जागी आले नाहीत.

या सगळ्यात करांबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. २०१५ पर्यंत करमणूक पार्कच्या प्रवेशावर केंद्राचा सेवाकर नव्हता. राज्याचा करमणूक कर तेवढा होता. १ जून २०१५ पासून १४ टक्के सेवाकर लागला, आणि दोन उपकर चढून पुढे तो १५ वर गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दर ठरवणाऱ्यांनी एक नोंद केली, तिच्यावर मी आजही अडतो. थीम पार्क, वॉटर पार्क, जॉयराइड आणि फिरता पाळणा यांना कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या एकाच ओळीत बसवलं, आणि सगळ्या ओळीला २८ टक्के लावले. त्याच वेळी सर्कस, नाटक आणि लोकनृत्य १८ टक्क्यांत होतं, आणि माणशी अडीचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला तिथे पूर्ण माफी होती.

या दराच्या बाजूने युक्तिवाद होता: आधीचा सेवाकर आणि राज्याचा करमणूक कर एकत्र धरले तर भार बराचसा तेवढाच होता, नवीन काही लादलं नाही. हिशेब म्हणून तो टिकेलही. पण जुगार आणि लेकरांचा पाळणा एका पारड्यात तोलणं हा हिशेबाचा प्रश्न नव्हता, समजुतीचा होता. चैनीच्या वस्तूवर जास्त कर ही रीत मान्य. मग चैन कशाला म्हणायचं हे ठरवताना वर्षातून एकदा आणि तेही पदरमोड करून जाणारी कुटुंबं कुणाच्या डोळ्यांसमोर होती का? आमच्या जत्रेतला पाळणेवाला सुटला, पण तो नोंदीतून सुटला नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणून तो जीएसटीच्या कक्षेबाहेर राहिला एवढंच. सहा महिन्यांनी चूक दुरुस्त झाली. २५ जानेवारी २०१८ पासून पार्क आणि पाळणे १८ टक्क्यांवर आले, कॅसिनो आणि शर्यती २८ वरच राहिल्या. मूळ हजाराच्या चार तिकिटांवर ११२० रुपये कर जात होता, तो ७२० झाला.

खोलीचा गुंता याहून मोठा. २०१७ मध्ये खोलीवरचा कर ‘घोषित दरा’वरून ठरायचा, म्हणजे पाहुण्याने दिलेल्या पैशांवरून नव्हे, तर काउंटरमागच्या पाटीवरच्या आकड्यावरून. पाटीवर आठ हजार असेल आणि पावसाळ्यात ओस पडलेली खोली साडेपाच हजारांत दिली, तरी साडेसात हजारांवरचा दर, २८ टक्के, लागायचा: साडेपाच हजारांवर १५४० रुपये. ज्याने सवलत म्हणून आडमोसम गाठला त्यालाच श्रीमंताचा कर. जुलै २०१८ मध्ये हा घोषित दर खोलीपुरता रद्द झाला आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम धरायचं ठरलं. त्याच खोलीवर १८ टक्के, म्हणजे ९९० रुपये झाले. ऑक्टोबर २०१९ पासून साडेसात हजारांपर्यंत १२ टक्के, म्हणजे ६६०. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, म्हणजे २७५. फक्त या शेवटच्या दरात मालकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. एसीवर, फर्निचरवर भरलेला कर त्याच्या खर्चातच राहतो, आणि तो खोलीच्या मूळ भाड्यात मिसळायला वाव राहतो.

इथेच ‘पॅकेज’ हा शब्द आडवा येतो. जाहिरातीत पॅकेज म्हणजे स्वस्त. कायद्यात मात्र एकत्र विकलेल्या गोष्टींचे दोन प्रकार आहेत. ज्या गोष्टी व्यवहारात एकमेकींसोबतच येतात त्यांना मुख्य गोष्टीचा दर लागतो, जसं खोली आणि तिच्यासोबतचा नाश्ता. ज्या वेगवेगळ्या असून एका किमतीत बांधल्या, त्या साऱ्यांना त्यांतला सर्वांत चढा दर. आता साडेपाच हजारांची खोली आणि मूळ चार हजारांची तिकिटं घ्या. वेगळी बिलं केली तर कर २७५ अधिक ७२०, एकूण ९९५ रुपये. तेच साडेनऊ हजारांचं एक पॅकेज करून त्यावर चढा दर लावला तर १७१०. सातशे पंधरा रुपयांचा फरक, आणि वस्तू तीच. खोली हीच मुख्य गोष्ट धरली तरी रक्कम साडेसात हजारांपुढे गेल्याने १८ टक्क्यांतून सुटका नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून नियम असा की हॉटेलातली एखादी खोली आदल्या आर्थिक वर्षात साडेसात हजारांवर गेली असेल तर तिथल्या उपाहारगृहातल्या ताटावरही ५ ऐवजी १८ टक्के. म्हणून बुकिंग करताना दोनच गोष्टी विचाराव्यात: खोली आणि तिकीट वेगळं मिळेल का, आणि जेवणावर कर किती. उत्तर देणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर बिल हातात येईपर्यंत आपल्यालाही ठाऊक नसतं.

दरम्यान तिकिटाचाही एक दर राहिला नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात १९७१ ला साडेतीन डॉलरला दार उघडत होतं. २०१५ मध्ये एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरपुढे गेलं आणि २०१८ पासून तारखेगणिक दर बदलू लागला. रांग टाळण्याची सोय तिथे १९९९ पासून फुकट होती, ती २०२१ मध्ये विकत झाली. हे लोण इथेही आलं. आपल्या मोठ्या पार्कांतही रांग टाळायचं वेगळं, महाग तिकीट मिळतं, आणि शनिवार-रविवार व सणासुदीचा दर निराळा असतो. मराठवाड्याला हे दुहेरी लागतं. नोकरदाराला सुट्टी दिवाळीत आणि शेतकऱ्याच्या हातात सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास. नेमके तेच दिवस पार्कच्या चढ्या दराचे. मंगळवारी या, स्वस्त पडेल, हा सल्ला चारशे किलोमीटरवरच्या माणसाच्या काय कामाचा?

दारातली एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी भाचीला घेऊन अशाच एका पार्कात गेलो. ती तेव्हा अकरा वर्षांची. एसटीत तिचं हाफ तिकीट काढूनच आलो होतो. पार्कच्या खिडकीशेजारी भिंतीवर उंचीची रंगीत पट्टी होती. तिला चप्पल काढून उभं केलं, डोक्यावर हात आडवा धरला, आणि खिडकीतून आवाज आला, ‘फुल’. लेकरू खाली मान घालून म्हणालं, ‘मामा, मी वाकून उभी राहू का?’ पुढे तपासणीत पिशवीतले धपाटे निघाले. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून ते तिथेच टेबलाखाली ठेवून घेतले. आत एका ताटाला जे पैसे मोजले त्यात घरी चौघांचं दोन वेळचं जेवण निघालं असतं. भाचीने दिवसभर मजा केली, पण सुरुवातीला तिने दोन पाळणे ‘नको’ म्हणून सोडले. आत सगळं मोकळं आहे, बसल्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, हे तिला पटायला दुपार झाली.

मग मोठं पार्क मराठवाड्यातच का नाही, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. माझ्या मते गुंतवणूक करणारा आधी महानगर पाहतो, मग रस्ता, मग पाणी, आणि तिसऱ्या मुद्द्यावर आपण अडतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात पाण्याच्या प्रश्नावरून न्यायालयाने क्रिकेटचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. अशा मुलखात वॉटर पार्कच्या लाटा कुणाला दाखवायच्या? संभाजीनगरच्या आसपास लहान पार्क आहेत, पण उन्हाळ्यात टँकरचं गणित त्यांना सुटत नाही. रस्त्याची अडचण मात्र कमी झाली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तो ५ जून २०२५ ला मुंबईच्या उंबरठ्यावर पोचला. जालना आणि संभाजीनगरकरांना शिर्डीचं वॉटर पार्क एका दिवसाचं झालं आणि तिथली खोली वाचली. पण कारचा टोल किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता, तो एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाला. लातूर, धाराशिव, नांदेडला तर या रस्त्याचा थेट उपयोगही नाही.

जवळची सोय म्हणून गेल्या काही वर्षांत शेतावरचे मुक्काम वाढले. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मधलं. तंबू, पोहण्याचा लहान तलाव, बैलगाडी आणि हिवाळ्यात हुरडा. हुरडा आमच्याकडे विकायची गोष्ट नव्हती. ज्वारी भरात आली की पाहुण्यांना निरोप जायचा, बांधाच्या कडेला आगटी पेटायची, गरम कणसं हातावर चोळून गूळभेंडी ज्वारीचे दाणे पुढे केले जायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. मागच्या पौषात संभाजीनगरजवळच्या एका शेतावर गेलो तर आगटीच्या वाटेवरच पाटी होती. मोठ्यांचा दर, लहानांचा दर, शनिवार-रविवारचा दर. खाली वेगळ्या रंगात लिहिलं होतं: मुक्कामासह पॅकेज, चौकशी आत करावी.