जोडीदाराची हिंसा, व्यसन आणि वांशिक गट

नवरा, प्रियकर किंवा पूर्वीचा जोडीदार यांच्याकडून स्त्रीला होणारी मारहाण, लैंगिक जबरदस्ती व धाकदपटशा आणि तिचे दारू, अमली पदार्थ वा गुंगीच्या गोळ्यांचे सेवन यांचा परस्परसंबंध. मार, भीती आणि उडालेली झोप सोसवेनाशी झाली की स्त्री नशेचा आधार घेते. नशेत तिला धोका ओळखणे आणि निसटणे आणखी अवघड होते. कित्येकदा जोडीदारच तिला सवय लावतो, माल आपल्या ताब्यात ठेवतो, उपचाराला जाऊ देत नाही आणि ‘तक्रार केलीस तर मुले काढून घेतील’ अशी भीती घालतो. अशा स्त्रीची नोंद नुसती ‘व्यसनी’ म्हणून करणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होय. मानवशास्त्रज्ञ मेरिल सिंगर यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातल्या प्वेर्तो रिकन (प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्यांच्या) वस्तीतील अभ्यासातून नशा, हिंसा आणि एड्स एकमेकांना बळ देतात, असे मांडले.

अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राच्या २०१०च्या पाहणीनुसार जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग आयुष्यात कधी ना कधी सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण मूलनिवासींमध्ये ४६ टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये ४३.७, हिस्पॅनिकांमध्ये (स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या घराण्यांतील स्त्रियांत) ३७.१, तर श्वेतवर्णीयांमध्ये ३४.६ टक्के होते. मद्यपानाचा क्रम मात्र असा लागत नाही: तेथे कृष्णवर्णीय स्त्रियांपेक्षा श्वेतवर्णीय स्त्रियांत ते अधिक आढळते. त्यामुळे ‘त्या पितात म्हणून मार खातात’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. आशियाई स्त्रियांचा १९.६ टक्के हा आकडाही जपून वाचावा; भाषेची अडचण, परदेशातील वास्तव्याचा परवाना जाण्याची टांगती तलवार आणि घरची अब्रू यांमुळे पुष्कळ काही सांगितलेच जात नाही.

फरक वंशात नसून परिस्थितीत आणि कायद्यात आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८च्या निकालामुळे मूलनिवासी जमातींच्या न्यायालयांना मूलनिवासी नसलेल्या गुन्हेगारावर खटला चालवता येत नव्हता. घरगुती हिंसेपुरता तो अधिकार २०१३च्या कायद्याने परत मिळाला. अमेरिकेतील चार्ल्सटन शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांची कोकेनसाठी लघवी तपासून पोलिसांना कळवले जाई. पकडलेल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होत्या. संमतीवाचून अशी तपासणी करणे २००१ मध्ये घटनाबाह्य ठरले. पण डॉक्टरला खरे सांगण्याची धास्ती उरली. त्यातच, नशा करणाऱ्या स्त्रीला अनेक निवारागृहे ठेवून घेत नाहीत आणि अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत मुलांना सोबत नेता येत नाही.