शहीद जवान स्मारक (खान्देश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील गावांत, सैन्यात वीरमरण आलेल्या जवानांच्या नावाने उभारलेले चौथरे, स्तंभ आणि कमानी. स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा स्मारकांहून हा प्रकार निराळा आहे. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे साथीदार पडले. त्यांच्या स्मारकाची परंपरा वेगळी आणि जुनी. जवानाच्या स्मारकाचा नमुना बहुतेक ठिकाणी दिल्लीचा असतो : नळी खाली करून उभी केलेली रायफल, तिच्या दस्त्यावर शिरस्त्राण. इंडिया गेटखाली 26 जानेवारी 1972 रोजी अमर जवान ज्योत सुरू झाली आणि हे चिन्ह देशभर पोहोचले. ती ज्योत 21 जानेवारी 2022 रोजी शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली.

राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019 रोजी झाले. अमर, वीरता, त्याग व रक्षक अशी चार वर्तुळे असून त्याग चक्रात 25 हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. तिथे सायंकाळी हुतात्म्याच्या नातेवाइकाच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. पुण्याचे दक्षिण कमांडचे युद्धस्मारक 1998 मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. गावातली स्मारके या वाटेची. दिल्लीत हजारो नावांपुढे माणूस दबून जातो. गावातल्या दगडावर बहुधा एकच नाव असते आणि वाचणाऱ्याने त्या पोराला भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना पाहिलेले असते.

अभिवादनाचा लष्करी क्रम ठरलेला आहे. पुष्पचक्र वाहिल्यावर पथक ‘सलामी शस्त्र’ (शस्त्र समोर उभे धरून मानवंदना) व मग ‘शोक शस्त्र’ (शस्त्र उलटे करून मान झुकवणे) करते, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून वाजते, दोन मिनिटे स्तब्धता, नंतर ‘राउझ’ ही जागे करणारी धून आणि पुन्हा ‘सलामी शस्त्र’. सगळा परिणाम बिगूल थांबल्यानंतरच्या शांततेत आहे आणि गावात नेमकी तीच हातची जाते. ध्वनिक्षेपकावर देशभक्तीची गाणी चालूच राहतात, कुणीतरी मध्येच ‘अमर रहे’ची घोषणा देतो. त्यामुळे ध्वनिक्षेपकाचा ताबा त्या वेळेपुरता एखाद्या माजी सैनिकाकडे द्यावा. बिगूलवाला नसेल तर ध्वनिमुद्रित धून चालते, पण ती आधी वाजवून पाहावी. माजी सैनिकांची पदके छातीच्या डाव्या बाजूला, वारसाने लावलेली हुतात्म्याची पदके उजव्या बाजूला. वीरमाता-वीरपत्नींना व्यासपीठावर कोपऱ्यात बसवून भाषणे लांबवणे हा सर्रास दिसणारा प्रकार आहे; पुष्पचक्राचा पहिला मान त्यांचा. कार्यक्रम साधारणपणे स्मृतिदिनी, 26 जुलैला (कारगिल विजय दिवस) किंवा 16 डिसेंबरला (विजय दिवस) होतात. स्मृतिदिन एप्रिल-मेमध्ये येत असेल तर सकाळी आठच्या आत आटोपावे, कारण खान्देशच्या उन्हात काळ्या दगडाला हात लावता येत नाही.

सर्वांत जास्त चुका कोरीव मजकुरात होतात. सेवापुस्तकातले नाव रोमन लिपीतून देवनागरीत उतरवताना ‘भदाणे’चे ‘भदाने’, ‘माळी’चे ‘माली’ आणि ‘जळगाव’चे ‘जलगांव’ होते. कारागीर हिंदीभाषक असला तर ण आणि ळ हमखास निसटतात. म्हणून मजकूर कागदावर पूर्ण आकारात छापून घ्यावा, कुटुंबाची सही घ्यावी आणि मगच दगड कापायला द्यावा. सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट, मोहिमेचे नाव, ठिकाण व तारीख एवढे पुरे. हे सगळे रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाच्या) पत्राशी ताडून घ्यावे आणि अडेल तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. वर्गणीदारांची यादी त्याच दगडावर कोरू नये. अक्षर 25 मि.मी. उंच आणि निदान 3 मि.मी. खोल असावे. नुसता सोनेरी रंग उन्हाने दोन-चार वर्षांत उडतो, पण अक्षर खोल असले तर नाव वाचता येते.

पाया हा खान्देशातला खरा प्रश्न. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट चौथरा बांधला की एकदोन वर्षांत तो कलतो. काळी माती खरवडून मुरूम लागेपर्यंत खाली जावे. थर फार खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने पाइल (जमिनीत खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यावेत. भराव मुरमाचा, 15 ते 20 सें.मी.च्या थरांनी, पाणी मारून व दाबून. चौथऱ्याला लागून हिरवळ लावण्याची हौस महागात पडते, कारण रोजच्या पाण्याने एकाच बाजूची माती फुगते. रणगाडा ठेवायचा असेल तर हे दुप्पट जपावे. टी-55 चे वजन सुमारे 36 टन असते.

ग्रॅनाइटच्या लाद्या गुळगुळीत पाठीवर नुसता सिमेंटचा गिलावा देऊन बसवल्या की उन्हाच्या ताणाने सुटतात. ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज आला तर लादी सुटू लागली असे समजावे. पाठ खरबरीत करून, स्टेनलेस स्टीलच्या पिना लावून, सांधे थोडे मोकळे ठेवावेत. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास पांढरे डाग धरतात. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. आम्लयुक्त फरशी-क्लीनर वापरू नये. अखंड ज्योतीचा मोह टाळलेला बरा : गॅसचा खर्च कोण करणार हे ठरलेले नसते आणि विझलेली ज्योत ज्योत नसण्यापेक्षा वाईट दिसते. दिवा पुरतो.

परवानगीसाठी ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा उतारा लागतो. अर्धपुतळा बसवायचा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व पुतळ्याच्या मातीत घडवलेल्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. नाव कोरलेल्या स्तंभाचे काम त्या मानाने लवकर मार्गी लागते. देखभालीची रक्कम ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावी. ती नसली तर स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी चुना मारण्यापलीकडे काही होत नाही.