मेट्रो खोल जाते ती बॉम्बच्या भीतीने नव्हे

जुन्या भुयारी मेट्रो इतक्या खोल नेल्या त्या युद्धात बंकर म्हणून वापरता याव्यात यासाठीच, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. काही स्थानकांना जाड पोलादी दारं बसवली, हे खरं. पण खोली ठरवते ती मुख्यतः जमीन.

सेंट पीटर्सबर्ग पाहा. वरचे थर पाण्याने भरलेले, भुसभुशीत. खाली घट्ट चिकणमाती. बोगदा टिकणार तो तिथेच. कीव्हचं आर्सेनाल्ना स्थानक (१९६०) सुमारे १०५ मीटर खोल आहे, कारण ते नीपर नदीच्या उंच काठाखाली येतं. नदीच्या बाजूचं पुढचंच स्थानक तर चक्क जमिनीच्या वर आहे! आणि लंडनमधला खोल मार्ग १८९० साली सुरू झाला, विमानाचा शोध लागण्याआधी.

आज बोगदा खोदणारं यंत्र समोरची माती दाबून धरत कापतं आणि मागे लगेच काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं जोडतं. कडं आणि माती यांच्यातली फट ग्राउटने, म्हणजे घट्ट होणाऱ्या पातळ सिमेंटच्या मिश्रणाने, भरतात. हे काम फार महत्त्वाचं; ते बिघडलं तर वरचा रस्ता खचू शकतो. खोल गेलं की इमारतींचे पाये, गटारं, जलवाहिन्या टाळता येतात, आणि रस्ता मैलोन्‌मैल उकरावा लागत नाही.